बाराच्या जागचे तीन टिपके

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुनं सामान विकणारे सगळे सारजाबाईंना ओळखतात. रांगेच्या टोकाला त्यांचा खोचलेला पदर आणि खांद्यावरची कापडी पिशवी दिसली, की कुणीतरी शेजारच्याला कोपर मारतो, "आ गई, घड़ीवाली अम्मा आ गई."

ताडपत्र्यांवर नळाच्या तोट्या असतात, झाकण नसलेले मिक्सर असतात, जोडीदार हरवलेले बूट असतात, कुठल्या टीव्हीचे ते टीव्हीलाही आठवणार नाही असे रिमोट असतात. या सगळ्याला वळसा घालून सारजाबाई थेट युसूफच्या घमेल्यापाशी येतात. घमेलं सिमेंट कालवायचं, पण आत घड्याळं. पट्टा नसलेली, काटे गळालेली, काच तडकलेली, काहींची तर नुसती डबी उरलेली.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आपल्या ठेवणीतल्या हिंदीत विचारलं होतं, "भय्या, आंधळ्या आदमी की घडी हाय क्या?"

युसूफनं मान वर केली. तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात गेली. "अम्मा, अंधे आदमी कू टाइम देखके जाना कहाँ है?"

रांगेतले चार जण फिदीफिदी हसले. सारजाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सावकाश म्हणाल्या, "तुला दोन डोळे हायेत ना बाबा? मग तू कुठं गेलास? हितंच बसलास घमेल्यापाशी."

त्यावर सगळ्यांत मोठ्यानं युसूफच हसला. तेव्हापासून दर रविवारी तो त्यांच्यासाठी रंगाचा एक रिकामा डबा पालथा घालून ठेवतो. त्या डब्यावर बसून सारजाबाई घमेलं ढवळतात, जशी बाई तांदळातले खडे बघते तशी.

त्यांना हवं असलेलं घड्याळ असं होतं. एचएमटीनं एके काळी न दिसणाऱ्यांसाठी केलेलं, चावीचं. त्याची काच झाकणासारखी उघडते. कडेची कळ दाबली की टक. आत काटे जरा जाडसर, बोट लागलं तरी जागचे न हलणारे, आणि आकड्यांच्या जागी उठलेले टिपके. बाराला तीन, तीन-सहा-नऊला दोन-दोन, बाकी ठिकाणी एकेक. बोट फिरवायचं आणि वेळ वाचायची. आता तसली घड्याळं कुणी करत नाही. उरली असतील ती कुणाच्या तरी कपाटात, नाहीतर अशा घमेल्यात.

असलं एक घड्याळ सारजाबाईंच्या घरात होतंच. त्यांच्या मालकांच्या, बुद्धभूषण यांच्या मनगटावर.

भीमनगरात त्यांना बुद्धभूषण म्हणून कुणी ओळखत नाही. अख्ख्या गल्लीला ते ऑपरेटर. एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी काढली. जन्मापासून दिसत नव्हतं, पण कान असा की पलीकडच्यानं नुसतं खाकरलं की इकडून "जोडतो साहेब, पैठणहून ना?" साहेब लोक त्यांच्यापुढं बोलायला बिचकायचे, कारण दुपारच्या डब्याला ऑपरेटर एकेकाची हुबेहूब नक्कल करायचे. मोठे साहेब नाकातून कसे बोलतात, त्यांची बायको फोनवर साहेबांना कशी झापते, आणि झापून झाल्यावर साहेब शिपायाला कसे झापतात, तिन्ही आवाज एकाच तोंडातून.

ते घड्याळ त्यांनी नोकरी लागली तेव्हा घेतलं. लग्नात सारजाबाईंनी नवऱ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं ते त्या घड्याळामुळंच. मंगल परिणय लावायला येणारे बौद्धाचार्य उशीर करत होते, मंडळी कुरकुरत होती, कुणी म्हणे अकरा झाले, कुणी म्हणे बारा. नवरदेवानं टक केलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "पावणेबारा. आणि ते निघालेत, मला त्यांची स्कूटर ऐकू येतीय." दोन मिनिटांनी स्कूटर दारात. पाचोडहून आलेल्या सारजाबाईंच्या मावश्या तोंडात पदर घालून बघत राहिल्या.

मग घरात एक नियमच पडला. भिंतीवरचं घड्याळ एक सांगो, रेडिओ दुसरं सांगो, ऑपरेटरच्या बोटानं सांगितलेली वेळ खरी. शहागंजचं टॉवरचं घड्याळ बंद पडलं आणि त्याच्या भरवशावर गल्लीतल्या निम्म्या जणांची बस चुकली, तेव्हा ऑपरेटर आठवडाभर मिशीत हसत होते. "डोळेवाल्यांचं काय खरं नसतं," म्हणायचे. भाजी ताजी का शिळी, कापड सुती का मिसळीचं, नोट खरी का खोटी, सगळं बोटानं ठरायचं. सारजाबाई कधी म्हणाल्या, की मला तर चांगलं दिसतंय, तर उत्तर ठरलेलं, "तुला दिसतंय गं. बोटाला इचार."

आणि सारजाबाईंचं बोट म्हणजे घरातला विनोद. वाळूजच्या एका कँटीनमध्ये वर्षानुवर्षं भाकऱ्या थापून, तव्यावरून हातानं उलटून, त्यांच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. लग्नानंतर ऑपरेटरनी त्यांना घड्याळ वाचायला शिकवायचा प्रयत्न केला. त्यांना तीन टिपके आणि दोन टिपके सारखेच लागायचे. "सारजा," ते म्हणायचे, "माझे डोळे आंधळे, तुझं बोट आंधळं. दोघांचं मिळून एक माणूस पुरं होतंय." हे ते पाहुण्यांसमोर सांगायचे, आणि दर वेळी सारजाबाई पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या.

आधी कान गेले. इतकी वर्षं बोर्डाचा आवाज डोक्यात साठलेला. निवृत्तीनंतर एकेक आवाज मावळत गेला. अगोदर पाखरं, मग शेजार, मग भोंगा. यंत्र लावून बघितलं, त्यात नुसती वाऱ्यासारखी घरघर. आता डाव्या कानापाशी तोंड नेऊन ओरडलं तरच पोचतं, आणि ओरडलं की अख्ख्या गल्लीला पोचतं. ऑपरेटरनी नकला बंद केल्या. नवीन आवाज आत येईनात तर जुने तरी किती दिवस पुरवायचे.

पण घड्याळ होतं. ऑपरेटरना साखरेचा आजार, आणि इन्सुलिनचं पेन ते स्वतः टोचून घ्यायचे. वेळ बोटानं बघायची, पेनाच्या टिचक्या बोटानं मोजायच्या, टोचायचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपायचं नाही.

दिवाळीनंतर एके दिवशी सारजाबाई दळण घेऊन आल्या तर ऑपरेटर जमिनीवर. घामानं बनियन भिजलेली, ओठ पांढरे. गुळाचा खडा तोंडात कोंबला, पाणी पाजलं, मग कुठं ते हलले. भर दुपारी, दुपारचं टोचून, जेवून, वर पुन्हा त्यांनी रात्रीचं इन्सुलिन टोचून घेतलं होतं. घड्याळानं आठ सांगितले म्हणाले.

मग बोट पुन्हा पुन्हा डायलवर फिरवून त्यांनीच निकाल दिला. "टिपके झिजले गं. किती घासायचं त्यांनी तरी."

कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. विहाराच्या दगडी पायरीलासुद्धा पावलांनी खळगा पडलाय, हा तर पत्रा. सारजाबाई घड्याळ घेऊन सिटी चौकात मुनीबकडं गेल्या. मुनीबची टपरी एवढी अरुंद की तो दुकानात बसत नाही, दुकान अंगात घालतो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, पुष्कळ वेळ बघितलं.

"भाभी, टिपके तो खड़े हैं," तो म्हणाला. "थोडे घिसे, मगर हैं. मशीन बी अच्छी चल रई."

सारजाबाईंना राग आला. काम करायचा कंटाळा, दुसरं काय. "तुमच्या डोळ्याला दिसतात हो. बोटाला लागले पायजेत."

"मेरी उंगली कू बी लग रये."

"तुमची उंगली काय करायची? त्यांचं बोट कधी चुकलेलं नाय."

मुनीबनं भिंग काढलं. नवं डायल कुठं मिळत नाही, त्यानं सांगितलं. असलंच दुसरं घड्याळ सापडलं तर बघा. आणि घड्याळ फडक्यात गुंडाळून असं परत दिलं, जसं काही सांगायचं राहून गेलंय. सारजाबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही.

लेक अपेक्षा बिडकीनच्या बाजूला एका कंपनीत कामाला. तिनं बोलणारं घड्याळ आणलं. कळ दाबली की आतली बाई गोड गळ्यानं सांगायची, "दोपहर के, दो, बजे हैं." ऑपरेटरना त्यातलं काहीच ऐकू येईना. गल्लीला मात्र सगळं. विहारात वंदनेला सगळे डोळे मिटून शांत बसलेले, आणि ऑपरेटरच्या मनगटावरून, "शाम के, छह, बजे हैं." शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयताला सगळे गप्प उभे, तर पुन्हा बाई. कळ दाबली गेली हेच ऑपरेटरना कळत नव्हतं. लोक हसू दाबायचे. सारजाबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. शेवटी ते घड्याळ तांदळाच्या डब्यात गेलं, आणि काही दिवस डब्यात माप घातलं की आतून आवाज यायचा, "सुबह के, ग्यारह, बजे हैं."

त्या दिवशी ऑपरेटर लेकीला म्हणाले, "कानातून नको आता काय. कान संपले. बोट हाय ना अजून माझं. तेवढं बोटातलं आणून दे."

अपेक्षा मोरीत जाऊन रडून आली. सारजाबाई रडल्या नाहीत. त्या शोधायला लागल्या.

जाफर गेट झालं, शहागंज झालं. माणुसकीच्या भिंतीवर लोक नको असलेलं अडकवून जातात, तिथं त्या आठवड्यातून एकदा जाऊन दुसऱ्यांच्या स्वेटरांचे खिसे चाचपायच्या. सिडकोत एका संस्थेचं दुकान आहे. बंगलेवाले जुन्या वस्तू देतात, त्या विकून पोरांच्या शाळेला मदत होते. तिथल्या तनुजा नावाच्या मुलीनं आपुलकीनं मोबाइलसारखं घड्याळ काढून दाखवलं. "आजी, हे घ्या ना. हे तुमची पावलंपण मोजतं." सारजाबाई म्हणाल्या, "माय, पावलं मोजून काय करू? माझा माणूस खुर्चीतून उठत नाय आता."

ते खरंच होतं. वेळ कळेना तसं ऑपरेटरनी दिवसात शिरणंच सोडलं होतं. दुपारी दाढी करायचे, पहाटे जेवायला मागायचे. सारजाबाई इन्सुलिन टोचायच्या तेव्हा मान फिरवून घ्यायचे, जणू परक्या बाईनं अंगाला हात लावला. अपेक्षाला आठवतं, एकदा त्यांच्या हातात चुलीवरून उतरवलेल्या चहाचा स्टीलचा पेला दिला गेला. कपडा न लावता. ते तो शांतपणे धरून बसले. "बापाला बघ कसा सोसतोय," सारजाबाई म्हणाल्या होत्या. एकदा दवाखान्यातून येताना त्यांची एक चप्पल वाटेतच निघाली आणि घरी येईपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. घड्याळाच्या दुःखात माणसाचं कशातच लक्ष नाही, असं सारजाबाईंनी तेव्हा ठरवलं होतं.

मग अपेक्षाला मोबाइलवर सापडला लिलाव. पुण्यातली एक संस्था वृद्धाश्रमासाठी लोकांनी दान दिलेली जुनी घड्याळं ऑनलाइन विकत होती. ठरल्या वेळी मायलेकी पडद्यापुढं बसल्या. पडद्यात मोत्यांच्या कुड्या घातलेल्या एक बाई. "तर मंडळी, हे आपलं पुढचं पीस. अगदी म्हणजे अगदीच युनिक हं. अंध बांधवांसाठीचं घड्याळ, आणि गंमत म्हणजे कधीच न वापरलेलं. तुमच्या शोकेसमध्ये काय गोड दिसेल बघा."

सारजाबाईंनी बघितलं. त्या बाईंच्या नखाखाली टिपके ओळीनं उभे होते, मोहरीच्या दाण्यांसारखे.

अपेक्षा बोली लावत गेली. समोरून कुणीतरी सुदर्शन नावाचा माणूस तिच्यापेक्षा वरची बोली लावत गेला. शेवटी अपेक्षाचं बोट थांबलं. कुड्यावाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"काय करणार तो त्याचं?" सारजाबाईंनी विचारलं.

"काचेच्या कपाटात ठेवणार."

"ज्याची काच उघडावी लागती ते घड्याळ, काचेत," सारजाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, त्या माणसाला फोन लाव.

संस्थेकडून नंबर मिळाला, पण फोन लागला नाही, म्हणून अपेक्षानं आईचा आवाज भरून पाठवला. त्यात सारजाबाई सुरुवातीला आपलं नाव-गाव शाळेत हजेरी द्यावी तसं सांगतात, मग ऑपरेटरची नोकरी, लग्नातली स्कूटर, कान, तांदळाचा डबा, सगळं. शेवटी म्हणतात, "साहेब, तुमच्याकडं ते नुसतं राहील. हितं ते वाचलं जाईल." नाशिकच्या त्या सुदर्शनचा आवाज दुसऱ्या दिवशी आला. त्यात आधी नुसतंच घसा साफ करणं. मग, "काकू, मी दिले तेवढ्याच पैशांत पाठवतो. आणि काळजी करू नका. मी स्वतः बोट फिरवून बघितलं, टिपके असले टोचतात ना, की बस."

पार्सल आलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता, समोरच्या शाळेची मधली सुट्टी नुकतीच झालेली. सारजाबाईंनी चावी दिली, काटे बारावर जुळवले. ऑपरेटरना आंघोळ घातली होती, पांढरा सदरा घातला होता. घड्याळ मनगटावर बांधलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते लग्नातलं काहीतरी आलं.

टक.

बोट आत गेलं. फिरलं. पुन्हा फिरलं. पुन्हा, हळू, आंधळा माणूस अनोळखी जिना उतरतो तसं.

"साडेनऊ?" ते म्हणाले.

सारजाबाईंनी ते बोट धरलं आणि बाराच्या जागच्या तीन टिपक्यांवर ठेवलं. दाबलं. नखाचा रंग उडेपर्यंत दाबलं.

"कुठं हायेत?" ऑपरेटर म्हणाले. आणि मग, समजुतीच्या सुरात, "हे पण झिजलेलं दिलं त्यानं."

सारजाबाईंनी त्यांचं बोट उचललं. टोकावर तीन खळगे उमटले होते, स्वच्छ, वेगवेगळे. त्यांना चहाचा पेला आठवला. चप्पल आठवली. मुनीबनं घड्याळ फडक्यात गुंडाळताना केलेला चेहरा आठवला. त्या उठल्या, फळीवरचं जुनं घड्याळ काढलं, झाकण उघडलं आणि आपलं भाकरीनं भाजलेलं, जन्माचं आंधळं बोट बाराच्या जागी ठेवलं.

एक, दोन, तीन. मोजता आले.

दाराच्या चौकटीला धरून अपेक्षा उभी होती. तिला समजलं होतं. ती तोंडावर हात दाबून होती.

"सारजा." ऑपरेटरनी हवेत मान वळवली, चुकीच्या दिशेला. "सांग ना. झिजलंय ना हे पण?"

कुजबुजून सांगायची सोय त्या घरात राहिली नव्हती. सारजाबाई वाकल्या, डाव्या कानापाशी तोंड नेलं, आणि जेवढा गळा होता तेवढ्यानं ओरडल्या, "व्हय. झिजलेलंच हाय. फसवलं त्यानं."

समोरच्या ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बायकांनी ते ऐकलं आणि नाशिकच्या त्या माणसाला भरभरून शिव्या दिल्या.

ऑपरेटरनी झाकण मिटलं. त्यांचा हात थोडा वेळ घड्याळावर नुसता पडून राहिला, नको तितका वेळ. मग ते म्हणाले, "असू दे. तू बघ पुढच्या रविवारी. मिळंल कुठंतरी."

पुढच्या रविवारी सारजाबाई गेल्या. न जाऊन चालणारच नव्हतं. घरी वाट बघणारं माणूस होतं. त्या रांगेत शिरल्या तसा युसूफ जागेवरून उठलाच. कधी उठत नाही तो. घमेलं ओलांडून आला, मुठीत काहीतरी धरून.

"अम्मा, मिल गई. फर्दापूर से एक जन लेके आया, आपके वास्ते छुपाके रक्खा."

रांगेतले सगळे बघायला लागले. बूटवाला, रिमोटवाला, तोटीवाला, सगळे. सारजाबाईंनी घड्याळ घेतलं. कळ दाबली. टक. बोट आत घातलं. टिपके असे टोचले की हात मागं घ्यावासा वाटला.

"नको बाबा," त्या म्हणाल्या. "झिजलेले हायेत ह्याचे."

"कायकू मजाक कर रये, अम्मा? देखो ना."

"झिजलेत म्हटलं ना."

त्या रंगाच्या डब्यावर बसल्या, पदर खोचला आणि घमेलं ढवळायला लागल्या. युसूफ तसाच उभा राहिला, झाकण उघडं ठेवून, आपला अंगठा डायलवर पुन्हा पुन्हा फिरवत.